कल्पित राज्य आणि प्रेक्षकांचे मत : ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाच्या स्वागताचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

चित्रपट हे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी लोकमाध्यम होय. तथापि मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिताना निर्माता, दिग्दर्शक, नट आणि तंत्र यांचाच विचार प्रामुख्याने झाला. तिकीट काढून चित्रपट पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न बहुधा मागे राहिला. वास्तविक पाहता कोणताही चित्रपट पडद्यावर पूर्ण होत नाही. तो प्रेक्षकाच्या मनात पूर्ण होतो आणि काळ बदलला की त्याच चित्रपटाविषयीचे मतही बदलते. म्हणूनच प्रेक्षकांचे मत हेदेखील इतिहासाचे एक साधन मानले पाहिजे.

या दृष्टीने प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ हा बोलपट विशेष अभ्यसनीय आहे. नारायण हरि आपटे (१८८९-१९७१) यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर आधारलेला आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३४ मध्ये मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. अवंती नावाचे कल्पित राज्य, चंडिकेचे मंदिर, राजगुरूचे कारस्थान, राजाची हत्या आणि राजकन्येचे संकट अशी त्याची अद्भुतरम्य व साहसप्रधान मांडणी आहे. असे असूनही तत्कालीन समाजाच्या अत्यंत जिव्हाळ्याच्या प्रश्नाला त्याने हात घातला.

उद्दिष्टे :

१. ‘अमृतमंथन’विषयी प्रेक्षकांचे मत जाणून घेण्याची साधने तपासणे.
२. कल्पित राज्याच्या कथेमुळे प्रेक्षकांना कोणत्या प्रश्नांचा विचार करण्यास वाव मिळाला, हे पाहणे.
३. या चित्रपटाविषयीच्या मतात कालानुरूप झालेल्या बदलाचा अर्थ लावणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कादंबरी ते चित्रपट :

नारायण हरि आपटे हे ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांच्याहून वेगळे व पुढच्या पिढीचे कादंबरीकार. दोघांच्या नावांतील साम्यामुळे अनेकदा गोंधळ होतो, म्हणून हा खुलासा आवश्यक आहे. नारायण हरींच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग होता. तथापि १९३१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी होते. याचा अर्थ असा की कादंबरी कितीही लोकप्रिय झाली तरी तिचा वाचक हा समाजाचा एक लहानसा भाग होता. बोलपटाने हीच कथा अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेली. कादंबरी एकट्याने वाचली जाते, तर चित्रपट शेकडो लोकांत बसून पाहिला जातो. साहजिकच त्याविषयीचे मतही एकट्याचे राहत नाही, ते बोलण्यातून घडते व पसरते.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा कंपनीचा पहिला बोलपट. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि तेथील नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट म्हणजे ‘अमृतमंथन’. कथानक थोडक्यात असे : अवंतीचा राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढील नरबळी व पशुबळी बंद करतो. संतापलेला राजगुरू राजाच्या वधाचे काम यशोधर्मा या अनुयायावर सोपवतो आणि काम होताच त्यालाच दगा देतो. क्रांतिवर्म्याची कन्या मोहिनी गादीवर येते. यशोधर्म्याची मुले माधवगुप्त व सुमित्रा यांना कटाचे रहस्य कळलेले असते. अनेक संकटांनंतर राजगुरूचे कपट उघडकीस येते आणि अखेरीस तो देवीपुढे स्वतःचेच मस्तक अर्पण करतो.

प्रेक्षकांच्या मताची साधने :

त्या काळातील सामान्य प्रेक्षकाने आपले मत क्वचितच लिहून ठेवले. प्रेक्षक, व्यावसायिक व जाणकार यांची मते जमविण्याचा मोठा सरकारी प्रयत्न बोलपटापूर्वी झाला होता. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९२७-२८ मध्ये ४,३२५ प्रश्नावल्या पाठविल्या. त्यांपैकी १,४९१ उत्तरे आली आणि ३५३ साक्षी नोंदविण्यात आल्या. परंतु प्रश्नावलीचे लेखी उत्तर देणारा माणूस हा मुळातच शिकलेला होता. पिटातील प्रेक्षक त्यात फारसा येणे शक्य नव्हते. त्यामुळे त्याचे मत अप्रत्यक्ष पुराव्यांवरूनच जाणून घ्यावे लागते. ‘अमृतमंथन’च्या बाबतीत असे तीन पुरावे महत्त्वाचे आहेत.

पहिला पुरावा चित्रपट किती काळ चालला हा. मुंबईत २५ आठवड्यांचा टप्पा गाठणारा हिंदी बोलपट म्हणून त्याचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून केला जातो. एकदा पाहून गेलेला प्रेक्षक पुन्हा येतो किंवा इतरांना पाठवितो, तेव्हाच एवढा काळ चित्रपट चालतो.

दुसरा पुरावा कलावंतांच्या पुढील वाटचालीचा. हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. मराठीत ती भूमिका नामवंत नाट्यकलावंत केशवराव दाते यांनी केली. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांची चर्चा एवढी झाली की ते पुढे करारी भूमिकांचे मानकरी ठरले. सोहराब मोदींच्या ‘पुकार’मध्ये (१९३९) ते जहांगीर बादशहा झाले. सुमित्रेच्या भूमिकेतील शांता आपटे यांना केशवराव भोळे यांच्या संगीताने गायिका-अभिनेत्री म्हणून कीर्ती मिळवून दिली. प्रेक्षकांनी ज्यांना स्वीकारले, तेच पुढे मोठे झाले.

तिसरा पुरावा निर्मात्याच्या निर्णयाचा. प्रभातने पुढेही नारायण हरि आपटे यांच्याच कथा घेतल्या. ‘कुंकू’ (१९३७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रेक्षकांनी पहिली कथा नाकारली असती, तर कंपनीने त्याच लेखकाकडे पुन्हा जाण्याचे कारण नव्हते.

कल्पित राज्याचा आडोसा :

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. समाजसुधारणेचा विषय सरळ वर्तमानकाळात न मांडता कल्पित अवंतीत का मांडला? याचे उत्तर प्रभातच्याच इतर दोन चित्रपटांच्या इतिहासात सापडते. १९३० मध्ये शिवकालावरील चित्रपटाचे ‘स्वराज्यतोरण’ हे नाव ब्रिटिश सेन्सॉरला खटकले आणि तो ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित करावा लागला. संत एकनाथांवरील चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नावही बदलून १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ करावे लागले, कारण त्या नावातून गांधीजींचा बोध होत होता. शिवाजी महाराज व एकनाथ हे महाराष्ट्राच्या इतिहासातील पुरुष. त्यांच्या नावाने बोललेला शब्द वर्तमानाला लागू होतो, हे सेन्सॉरही जाणून होता. अवंतीचा राजा मात्र कोणत्याच बखरीतला नव्हता.

म्हणजेच अद्भुतरम्यता ही केवळ करमणुकीची सजावट नव्हती. तिने प्रेक्षकाला एक आडोसा दिला. राजसत्तेला धाक दाखविणारी धर्मसत्ता, अनुयायाकडून हत्या करवून नामानिराळा राहणारा गुरू आणि परंपरेच्या नावाने चाललेला रक्तपात यांविषयी प्रेक्षक मोकळेपणाने मत देऊ शकत होता, कारण तो अवंतीविषयी बोलत होता. १९३३-३४ हा काळ गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारण दौऱ्याचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने धर्मसत्तेचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आणला होता. अशा वातावरणात मंदिरावर अधिकार कोणाचा, हा पडद्यावरील प्रश्न प्रेक्षकाला परका वाटणे शक्य नव्हते.

रवींद्रनाथ टागोरांच्या ‘राजर्षी’ या कादंबरीत व तिच्यावरून लिहिलेल्या ‘विसर्जन’ (१८९०) या नाटकातही बळी बंद करणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा पुरोहित आहे. बंगाल व महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांत हा विषय राजेरजवाड्यांच्या कथेतून मांडला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

श्रद्धाळू प्रेक्षक आणि बळीचा प्रश्न :

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात हा चित्रपट अधिक अर्थपूर्ण ठरतो. तुळजापूरची तुळजाभवानी आणि येरमाळ्याची येडेश्वरी ही या भागातील असंख्य कुटुंबांची श्रद्धास्थाने. नवरात्रातील अजाबळीचा विधी व गावोगावच्या जत्रांमधील पशुबळी यांच्याशी येथील माणसाचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुरूम-उमरगा परिसरात मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही भाषा कानावर पडत. ग्रामीण महाराष्ट्रात तंबूतील फिरता सिनेमा जत्रांच्या मार्गानेच फिरला. म्हणजे देवीचा नवस आणि सिनेमाचा पडदा ही दोन्ही एकाच जत्रेत ग्रामीण प्रेक्षकाच्या वाट्याला आली.

अशा श्रद्धाळू प्रेक्षकाला ‘अमृतमंथन’ अपमानास्पद का वाटू नये? याचे कारण चित्रपटाच्या रचनेत आहे. चित्रपट देवीला दोष देत नाही. देवीच्या नावाने बोलणाऱ्या माणसाला तो दोषी ठरवितो. शीर्षकही पुराणातूनच घेतले आहे. समुद्रमंथनात अमृत वाटणारी मोहिनी आणि अवंतीची राणी मोहिनी यांच्या नावांतील साम्य पुराण ऐकलेल्या प्रेक्षकाला सहज उमगणारे होते. गाडगे महाराज (१८७६-१९५६) याच काळात कीर्तनांतून जत्रेतील पशुबळीविरुद्ध लोकांना समजावीत होते. भक्ती सोडू नका, मुक्या जनावराचा जीव घेणे सोडा, ही त्यांची भूमिका. कीर्तन ऐकणाऱ्या समाजाला चित्रपटाचा आशय म्हणूनच नवा असला तरी अनोळखी नव्हता.

राजगुरूचा शेवट याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. तो पळून जात नाही, स्वतःचाच बळी देतो. त्याची श्रद्धा खोटी नव्हती, हे तेव्हा प्रेक्षकाच्या ध्यानात येते. ढोंगी माणसाचा तिरस्कार करणे सोपे असते. परंतु प्रामाणिक श्रद्धाही इतकी क्रूर होऊ शकते, ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते.

बदलते मत :

स्वातंत्र्योत्तर काळात या चित्रपटाविषयीचे मत हळूहळू पालटले. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. १९६० मध्ये तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. यानंतर ‘अमृतमंथन’ची ओळख प्रामुख्याने तंत्रासाठी राहिली. टेलिफोटो भिंगाने घेतलेले, संपूर्ण पडदा व्यापणारे राजगुरूच्या डोळ्याचे दृश्य, छायाप्रकाशाचा वापर आणि शांतारामांच्या जर्मनी दौऱ्याचा प्रभाव यांचीच चर्चा होत राहिली. हे मूल्यमापन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. डोळा लक्षात राहिला आणि तो डोळा कोणाला धाक घालीत होता, हे विस्मरणात गेले. आजच्या प्रेक्षकाला संवादांची नाटकी फेक आणि संथ गती खटकते. जुना कल्पनारम्य खेळ एवढेच त्याचे मत होते.

असे असले तरी चित्रपटातील प्रश्न जुना झालेला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा झाला. नरबळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची गरज राज्याला ‘अमृतमंथन’नंतर सुमारे ८० वर्षांनी भासली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

निष्कर्ष :

१. ‘अमृतमंथन’च्या प्रेक्षकाचे मत लिखित स्वरूपात अल्प असले तरी चित्रपटाचा कालावधी, कलावंतांची वाटचाल व निर्मात्याचे निर्णय यांवरून ते जाणता येते.
२. कल्पित राज्याच्या कथेने सेन्सॉर आणि सनातनी विरोध या दोहोंपासून आडोसा मिळवून प्रेक्षकाला धर्मसत्तेविषयी विचार करण्याची संधी दिली.
३. देवी व तिच्या नावाने सत्ता गाजविणारा माणूस यांत भेद केल्यामुळे श्रद्धाळू प्रेक्षकही चित्रपट स्वीकारू शकला.
४. पुढील काळातील मत आशयाकडून तंत्राकडे झुकले व त्यामुळे चित्रपटाचा सामाजिक अर्थ झाकोळला.

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. रिळे जळतात, तशा आठवणीही माणसांबरोबर जातात. तंबूत बसून जुने बोलपट पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांची मते गावोगावी नोंदवून ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे काम आहे आणि ग्रामीण भागातील महाविद्यालये ते उत्तम प्रकारे करू शकतात.