बर्फांतले वाटाडे

शेरलॉक होम्स हें नांव ज्या घरांत माहीत नाहीं असें सुशिक्षित घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. या होम्सला त्याच्या जनकानेंच १८९३ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यांत लोटून दिलें, ही हकीकतहि पुष्कळांच्या स्मरणांत असेल. परंतु त्यानंतर तीनच महिन्यांनीं ते जनक, म्हणजे आर्थर कॉनन डॉइल, त्याच देशांत एका खोल दरीच्या कांठानें, पायांना लांकडी पट्ट्या बांधून, जीव मुठींत धरून चालले होते, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. आज सांगावयाची आहे ती हीच गोष्ट. मात्र तिचे खरे नायक दुसरेच आहेत.

डॉइलसाहेबांच्या पत्नीला क्षयाची बाधा झाली होती. म्हणून कोरड्या, थंड हवेसाठीं नांवाजलेल्या दावोस या गांवीं तीं दोघें येऊन राहिलीं. दावोस हें पूर्व स्वित्झर्लंडच्या ग्राउबुंडन प्रांतांत, सुमारें १५६० मीटर उंचीवर, एका लांबट खोऱ्यांत वसलें आहे. डोंगराच्या पलीकडील खोऱ्यांत आरोसा. डोंगर ओलांडला कीं अंतर थोडें. परंतु मधली मायेनफेल्डर फुर्का ही २४४० मीटर उंचीची खिंड हिंवाळ्यांत बर्फाखालीं गडप होई, आणि मग लांडक्वार्ट व खूर या गांवांवरून मोठा वळसा घालून जाण्यावांचून गत्यंतर नसे. त्या काळीं हिंवाळ्यांतलें आल्प्सचें खोरें म्हणजे दारें लावून घेतलेलें घरच!

हीं दारें उघडलीं नॉर्वेहून आलेल्या एका जुन्या साधनानें. सुमारें ८ फूट लांब व ४ इंच रुंद, पुढचें टोंक वर वळलेल्या अशा लांकडी पट्ट्या पायांना बांधावयाच्या, हातांत एक लांब काठी घ्यावयाची, आणि भुसभुशीत बर्फांत न रुततां चालावयाचें, उतारावरून घसरत जावयाचें. याच त्या स्की. नॉर्वेंत त्यांची परंपरा हजारों वर्षांची. परंतु १८८८ सालीं नान्सेननें स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें, त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें, आणि मध्य युरोपचें लक्ष या साधनाकडे वेधलें गेलें. दावोसमध्यें टोबियास व योहानेस ब्रांगर हे दोघे भाऊ साधे धंदेवाले. त्यांनीं चिकाटीनें ही विद्या हस्तगत केली. शेजाऱ्यांनीं हंसूं नये म्हणून ते अंधार पडल्यावर सराव करीत, असें सांगतात. १८९३ मध्यें ते स्वतः ही खिंड ओलांडून आरोसाला जाऊन आले होते.

दुसऱ्या वर्षीं, २३ मार्च १८९४ रोजीं, त्यांनीं डॉइलसाहेबांना बरोबर घेतलें. उजाडण्यापूर्वींच तिघे निघाले. अशा चढावर सरळ जातां येत नाहीं. घाटांतल्या रस्त्याप्रमाणें वळणें घेत चढावें लागतें. एके ठिकाणीं उतार फार उभा लागला. बर्फ दगडासारखा कठीण. खालीं खोल दरी, आणि तिच्यांतून निळसर धुकें वर येत असलेलें. पाय आपटून बर्फांत आधार करावा, तेव्हां कोठें एक पाऊल पुढें पडे. तिघांना एकत्र बांधील असा दोरहि जवळ नव्हता. त्या वेळीं ते दोघे भाऊ डॉइलसाहेबांच्या डाव्या अंगाला, म्हणजे दरीच्या बाजूला, झाले; हेतु हा कीं, पाहुण्याचा पाय घसरलाच तर त्याचा धक्का आपल्या अंगावर यावा. पुढें १९२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत डॉइलसाहेबांनीं या प्रसंगाची आवर्जून नोंद केली आहे.

खिंडीपलीकडे उतरतांना असाच उभा उतार लागला, तेव्हां भावांनीं पट्ट्या सोडून एकत्र बांधल्या व त्यांची घसरगाडी केली. डॉइलसाहेबांची गाडी मात्र त्यांना मागें टाकून एकटीच खालीं गेली, आणि हे जगप्रसिद्ध लेखक पाटलोणीवर बसून घसरत उतरले! हॅरिस ट्वीडचें कापड झिजत नाहीं या आपल्या शिंप्याच्या शब्दाची त्यांनीं पुढें यथेच्छ थट्टा केली आहे. साडेअकराच्या सुमारास मंडळी आरोसाला पोहोंचली. हॉटेलच्या नोंदवहींत टोबियासनें डॉइलसाहेबांच्या नांवापुढें व्यवसाय म्हणून 'स्पोर्टेसमन', म्हणजे खेळाडू, असें लिहून टाकलें.

१८९४ च्या डिसेंबरांत 'स्ट्रँड' मासिकांत या प्रवासाचें वर्णन आलें. शेंकडों इंग्रज स्कीसाठीं स्वित्झर्लंडला येतील, हें त्यांतील भाकीत खरें ठरलें. १९१४ मध्यें आरोसाला आगगाडी गेली. १९३४ मध्यें दावोसच्या उतारावर माणसांना ओढून वर नेणारा यांत्रिक दोर सुरू झाला, आणि चढाचे श्रम वांचले. चढाबरोबर वाटाड्याहि पुष्कळांना अनावश्यक वाटूं लागला, यांत नवल नाहीं.

तरीहि यंत्राचा आवाज नसलेल्या निवांत खोऱ्यांत स्वतःच्या पायांनीं चढून जाणारे प्रवासी आजहि आहेत. स्कीच्या तळाला ते केसाळ पट्टे चिकटवितात. केसांचा कल मागें असल्यामुळें पुढें सरकतां येतें, मागें घसरतां येत नाहीं. चढाची अडचण अशी सुटते. हिमलोटाची सुटत नाहीं. दावोसच्या वरच्या वाइसफ्लुयोख येथें १९३६ मध्यें बर्फाच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९४५ मध्यें हिमलोटाच्या धोक्याचें पहिलें पत्रक निघालें. या शास्त्रानें पुष्कळांचे प्राण वांचविले असतील. परंतु पत्रक सांगतें तें साऱ्या प्रदेशाविषयीं. समोरच्या एका उतारावर या घटकेला पाऊल टाकावें कीं माघारें फिरावें, हें त्या जागीं उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावें लागतें.

स्वित्झर्लंडला स्कीची गोडी डॉइलसाहेबांनीं लावली, असें आजहि पुष्कळदां लिहिलें जातें. लेखणी त्यांच्या हातांत होती, आणि त्या लेखणीनें ब्रांगर बंधूंचीं नांवें प्रामाणिकपणें नोंदविलीं, हें त्यांचें श्रेय कोणी नाकारूं नये. परंतु खिंड आधीं ओलांडली ती त्या दोघा भावांनीं. आणि ऐन अडचणीच्या जागीं दरीच्या बाजूला उभे राहिले तेहि तेच.