क्षयाची गोळी आणि तिचा त्रास

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. सरळ पुढे शिरवळ, खंबाटकी घाट, मग वाईवरून पाचगणी. त्या पाचगणीत १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' आरोग्यधाम उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. औषधच नाही म्हटल्यावर त्याचा त्रासही नव्हता. रोगी मात्र दगावत.

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. या इंजेक्शनाने जीव वाचू लागले, पण काहींचे कान अधू झाले, काहींचा तोल जाऊ लागला. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची गोळी आली. तिने काहींच्या हातापायांना मुंग्या येत. सोबत 'बी-६' जीवनसत्त्व दिले की त्या टळतात, हेही पुढे कळले.

मद्रासच्या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. गरिबांवर हा मोठाच उपकार झाला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसाला घरदार, शेती सोडून जाण्याची गरज उरली नाही. मात्र औषधाचा त्रास झाला, तर तो ओळखायला डॉक्टर उशाशी नव्हता.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. त्यात आयसोनियाझिडच्या जोडीला थायासेटाझोन हे स्वस्त औषध असे. कुणाला उलट्या होत, कुणाच्या अंगावर पुरळ उठे. बहुतेकांना ते सोसे.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. हा विषाणू प्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि क्षय तिथेच डोके वर काढतो. १९९१ मध्ये केनियातल्या नैरोबीच्या डॉक्टरांनी दोन्ही प्रकारच्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. थायासेटाझोनमुळे एचआयव्ही नसलेल्या शंभरांत एखाद्याच्या त्वचेवर प्रतिक्रिया उमटली. एचआयव्ही असलेल्या शंभरांत सुमारे वीस जणांच्या. काहींची कातडी भाजल्यासारखी सुटली, काही दगावले. औषध तेच होते, पण शरीर बदलले होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांना हे औषध देऊ नये, असे बजावले. भारताच्या सुधारित कार्यक्रमात, १९९७ पासून देशभर पसरलेल्या औषधयोजनेत, ते नव्हतेच.

तरी प्रश्न संपला नाही. २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. त्यातल्या स्टॅव्हुडिननेही हातपाय बधिर होत. आयसोनियाझिडची जोड मिळाली की त्रास वाढे. ते औषध पुढे मागे पडले. रिफाम्पिसिन तर एचआयव्हीच्या काही औषधांचा रक्तातला अंशच कमी करते. म्हणून आज डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्याला क्षयाच्या उपचारांत त्याची जादा मात्रा द्यावी लागते. रोग्याने एक आजार लपवला, तर दुसऱ्याचे औषधही चुकते, ते यामुळेच.

रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अंगावर पुरळ, अंधूक दिसणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती बदलायची, हे डॉक्टर ठरवतात. त्रास झाला म्हणून कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या, की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग लागणारी औषधे जास्त त्रासाची असतात.