सह्याद्री निसर्ग मित्र

चिपळूण (जि. रत्नागिरी) येथील निसर्गसंवर्धन संस्था, स्थापना १९९२. भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. मंडणगड तालुक्यातील वेळास या नाना फडणविसांच्या मूळ गावी संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी या घरट्यांतली अंडी माणसे काढून नेत. उरलेली कोल्हेकुत्री उकरत. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती किनाऱ्यावर कुंपण घातलेल्या वाळूत मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात पुरतात. सुमारे ५० दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात. ही पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुण्यांची सोय होऊन गावाला उत्पन्न मिळू लागले, आणि खरा फरक बहुधा त्यानेच पडला. पुढे संरक्षणाची जबाबदारी ग्रामस्थांनी वनविभागाच्या साहाय्याने उचलली.