गिनी पिगमधील अवटू ग्रंथीचे विकार

गिनी पिग (शास्त्रीय नाव: केव्हिया पोर्सेलस) हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील कृंतक प्राणी जगभर घरोघरी पाळला जातो. त्याच्या मानेत श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या अवटू म्हणजेच थायरॉईड ग्रंथीच्या कार्यात बिघाड झाल्यास चयापचयाचा वेग बदलतो. या प्राण्यात ग्रंथीची अतिक्रियता प्रामुख्याने आढळते. अल्पक्रियता विरळा होय.

कारणे

अतिक्रियता बहुधा तीन वर्षांपुढील प्राण्यांत दिसते. ग्रंथीची अनियंत्रित वाढ किंवा अर्बुद हे तिचे नेहमीचे कारण असते. अर्बुद सौम्य असू शकते, तसेच कर्करोगाचेही असू शकते. त्यामुळे थायरॉक्सिन हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते.

लक्षणे

भूक चांगली असूनही वजन घटत जाणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण आहे. याखेरीज अस्वस्थपणा, पुष्कळ पाणी पिणे, मऊ लेंड्या किंवा अतिसार, केस विरळ होणे व हृदयाचे ठोके वाढणे ही लक्षणे दिसतात. काही प्राण्यांच्या मानेला गाठ हाताला लागते. प्राणी खात असल्यामुळे पाळणाऱ्यास तो निरोगी वाटतो आणि उपचारास उशीर होतो. म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून त्याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

निदान

वजन घटण्याची इतर कारणे आधी तपासावी लागतात. दाढा वाढल्या असतील तर प्राण्याला खाण्याची इच्छा असते, पण चावता येत नाही. क जीवनसत्त्वाच्या अभावी सांधे दुखतात व हालचाल मंदावते. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस गळणे हे अंडाशयातील पुटीचे चिन्ह असू शकते. मानेतील गाठ जंतुसंसर्गाने पू झालेल्या लसीका ग्रंथीचीही असते. मूत्रपिंडाचे विकार व मधुमेह यांचाही विचार करावा लागतो.

रक्तातील एकूण थायरॉक्सिनची पातळी वाढलेली आढळल्यास निदानास पुष्टी मिळते. ही पातळी गिनी पिगसाठी ठरवलेल्या मर्यादांशीच ताडून पाहावी; माणूस, कुत्रा किंवा मांजर यांच्या मर्यादा लावल्यास निष्कर्ष चुकतो. गाठीचे स्वरूप सोनोग्राफीने व सुईने घेतलेल्या नमुन्यावरून कळते.

उपचार

मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल ही औषधे संप्रेरकाची निर्मिती रोखतात. कार्बिमॅझोलचे शरीरात मेथिमॅझोलमध्येच रूपांतर होते. औषध बहुधा आयुष्यभर द्यावे लागते व त्याची मात्रा वजन आणि पुन्हा केलेली रक्ततपासणी यांवरून ठरते. माणसासाठीच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देणे धोक्याचे असते. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढता येते, परंतु भूल आणि शेजारच्या परावटू ग्रंथींना होणारी इजा हे त्यातील धोके आहेत. किरणोत्सर्गी आयोडीनचा वापरही झाला आहे, मात्र त्यासाठी विशेष सोयी लागतात.

आतडे सतत चालू राहावे म्हणून उपचारकाळात वाळलेले गवत अखंड मिळाले पाहिजे. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ढोबळी मिरची, पेरू यांतून ते पुरवता येते. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन प्राणी दगावू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गुरे, शेळ्या व कोंबड्या यांच्याशी निगडित असते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या घाटमाथ्यापलीकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळला 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. महाडहून शिरवळकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद होतो. उकाडा गिनी पिगला मुळातच सोसत नाही, त्यातून अतिक्रियतेने शरीराची उष्णता वाढते; म्हणून प्रवास पहाटे, हवेशीर पेटीतून व सोबत गवत ठेवून करणे इष्ट असते.

संशोधनातील स्थान

1956 साली न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हस यांनी अवटू ग्रंथीला उत्तेजित करणाऱ्या संप्रेरकाची चाचणी गिनी पिगवर करताना काही रुग्णांच्या रक्तद्रवाचा परिणाम नेहमीपेक्षा अधिक काळ टिकतो असे पाहिले. ग्रेव्हज रोग प्रतिपिंडांमुळे होतो, हे या निरीक्षणातून पुढे उलगडले. माणसातील अवटू विकारांच्या आकलनास असा हातभार लावणाऱ्या या प्राण्यातील त्याच ग्रंथीच्या विकारांकडे पशुवैद्यकाचे लक्ष मात्र बऱ्याच उशिरा गेले.