मनाचा रोजमेळ: इमाम गझालींची वही आणि फ्रँकलिनचा तक्ता

हिशोब हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मूळचा अरबी आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. किराण्याची उधारी, बचत गटाची वही, लग्नाचा खर्च, सगळीकडे हिशोब आहे. त्याच अरबी धातूपासून आणखी एक शब्द तयार झाला, मुहासबा. मुहासबा म्हणजे माणसाने स्वतःचाच घेतलेला हिशोब. नवव्या शतकात बगदादमध्ये हारिस नावाचे एक सूफी विद्वान होऊन गेले. जन्म बसऱ्याचा, मृत्यू इ.स. 857 चा. स्वतःच्या मनाची झडती घेण्याची त्यांची सवय लोकांना एवढी ठाऊक झाली की 'मुहासिबी' हेच त्यांचे नाव पडले.

वर्ष बदलले की आपण सगळेच संकल्प करतो. कुणी जानेवारीत करतो, कुणी मोहरममध्ये, कुणी शाळा उघडताना जूनमध्ये. रमजानमध्ये तर घराघरात नियत बांधली जाते आणि शव्वालचा चंद्र जुना होईपर्यंत ती सैल पडते. मग माणूस म्हणतो, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही." हे वाक्य मला फार धोक्याचे वाटते. एकदा फसलेल्या संकल्पावरून तो स्वतःच्या स्वभावाबद्दलच निकाल देऊन टाकतो आणि पुढच्या वर्षी प्रयत्नही करत नाही. आपल्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे इतिहासात पाहण्यासारखे आहे. त्यासाठी तीन माणसांकडे जाऊ. एक मदीनेतला तरुण, दुसरे तूसचे इमाम आणि तिसरा फिलाडेल्फियाचा छापखानेवाला.

पहिला प्रश्न संकल्पाच्या आकाराचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एक तरुण सहाबी होते, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.). इबादतीची ओढ एवढी की रोज रोजा धरायचा आणि रात्रभर नमाज पढायची, असा त्यांनी नेम केला. ही गोष्ट प्रेषितांच्या कानावर गेली. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग विस्ताराने आला आहे. शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, पत्नीचा आहे, घरी येणाऱ्या पाहुण्याचाही आहे, असे प्रेषितांनी त्यांना समजावले आणि महिन्यात तीन रोजे पुरेत असे सांगितले. तरुण म्हणाला, माझ्यात यापेक्षा जास्त ताकद आहे. घासाघीस होत होत गोष्ट एक दिवसाआड रोजा इथवर आली, त्यापुढे नाही. कुरआन पठणाचेही तसेच झाले. महिन्यात एकदा पूर्ण करण्यापासून बोलणे सुरू झाले आणि सात दिवसांवर थांबले.

या प्रसंगाचा शेवट बऱ्याचदा सांगायचा राहून जातो. अब्दुल्लाह (रजि.) म्हातारे झाले, अंगातली शक्ती कमी झाली आणि प्रेषितांनी दिलेली सवलत तेव्हाच घेतली असती तर बरे झाले असते, असे ते म्हणू लागले. पण नेम त्यांनी सोडला नाही. रात्री पढायचा कुरआनचा भाग ते दिवसा घरातल्या कुणाला तरी ऐकवून ठेवत, म्हणजे रात्री ओझे हलके होई. अशक्तपणा वाटला की काही दिवस रोजे सोडत, ते दिवस मोजून ठेवत आणि नंतर तेवढे रोजे पुरे करत. तरुणपणी ताकदीच्या भरात ठरवलेले ध्येय म्हातारपणी कसे जड होते आणि तरीही मोजून, वाटून ते कसे पेलता येते, हे दोन्ही इथे दिसते. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली प्रसिद्ध हदीसही हेच सांगते की, थोडे का असेना, सातत्याने होणारे काम अल्लाहला अधिक प्रिय आहे. कुरआनचे तीस पारे आणि सात मंझिला ही विभागणीही या दृष्टीने पाहावी. रोजचा एक पारा, महिन्यात कुरआन पूर्ण. रोजची एक मंझिल, आठवड्यात पूर्ण. मोठ्या कामाचे रोजचे वाटे पाडलेले असले की ते हाती घ्यायला भीती वाटत नाही.

आकार ठरला, पण हिशोब कसा ठेवायचा? इथे इमाम गझाली (रह.) भेटतात. त्यांचा जन्म खुरासानातल्या तूसचा, 1058 चा. 1091 मध्ये वजीर निजामुल्मुल्कने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. वय तेहतीसच्या आसपास, शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. पण आपण हे सारे अल्लाहसाठी करतो की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना घेरले. त्यांनीच पुढे आत्मकथनात लिहून ठेवले आहे की सुमारे सहा महिने ते एक पाऊल पुढे टाकत आणि दुसरे मागे घेत. सकाळी बगदाद सोडायचे ठरवत, संध्याकाळी बेत मोडत. शेवटी वाचाच बसली, वर्गात शब्द फुटेना. 1095 मध्ये ते सगळे सोडून दमास्कसकडे निघाले. ज्यांना आपण हुज्जतुल इस्लाम म्हणतो, त्यांचाही संकल्प रोज मोडत होता, हे विद्यार्थ्यांना सांगावे असे मला वाटते.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांचा 'इह्या उलूमुद्दीन' हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकाराला आला. त्यातल्या अडतिसाव्या प्रकरणात मुहासब्याची पद्धत आहे आणि ती अगदी बाजारातल्या भाषेत सांगितली आहे. नफ्स हा तुमचा व्यापारातला भागीदार समजा, असे गझाली म्हणतात. भागीदाराशी व्यापारी काय करतो? आधी अटी ठरवतो, मग त्याच्यावर लक्ष ठेवतो, शेवटी हिशोब घेतो. तसेच सकाळी फजरनंतर नफ्सशी करार करावा, दिवसभर नजर ठेवावी आणि रात्री वही उघडावी. फर्ज म्हणजे भांडवल, नफिल म्हणजे नफा, गुनाह म्हणजे तोटा. तोटा झाला तर दंड आहे, पण तो चुकीच्या जातीचा. पोटाने चूक केली तर पोटाला उपाशी ठेवा, डोळ्याने केली तर डोळ्याला आवर घाला. त्यापुढे जास्तीची मेहनत आणि शेवटी स्वतःची कानउघाडणी, अशा एकूण सहा पायऱ्या आहेत. या सहांत व्यापार बंद करण्याची पायरी नाही. तोटा झाला म्हणून दुकानाला कुलूप लावा, असे गझाली कुठेच म्हणत नाहीत.

यापुढचे, चिंतनाविषयीचे प्रकरण तर आणखी नेमके आहे. माणसाने एक यादी जवळ ठेवावी, असे ते सांगतात. त्यांचा शब्द आहे 'जरीदा', म्हणजे नोंदीचा कागद. त्यावर दहा घातक दोष लिहावेत. कंजुषी, गर्व, दिखावा, मत्सर, राग, खाण्याची हाव, पैशाचे प्रेम, मानमरातबाची आवड आणि असेच. दहा तारक गुण लिहावेत. सब्र, शुक्र, इखलास, लोकांशी चांगली वागणूक वगैरे. रोज त्या यादीशी स्वतःला ताडून पाहावे. एखादा दोष आटोक्यात आला की त्यावर रेघ मारावी, त्याचा विचार सोडावा आणि उरलेल्या नवांकडे वळावे.

ही वाक्ये लिहिली गेली त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, 1730 च्या सुमारास, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या तरुण मुद्रकाने अशीच एक छोटी वही बनवली. त्याने आपला धागा जोडला तो ग्रीक विचारवंत पायथागोरसच्या नावे चालत आलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाच्या उपदेशाशी. गझालींच्या कागदात नसलेली एक गोष्ट फ्रँकलिनच्या वहीत होती, ती म्हणजे वर्षाचे वेळापत्रक.

त्याने तेरा गुण निवडले. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निर्धार, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतपणा, शील आणि नम्रता. प्रत्येक पानावर तेरा ओळी आणि वारांचे सात उभे रकाने. चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. सगळे गुण एकदम साधायचे नाहीत. एका आठवड्यात एकाच गुणावर मुख्य लक्ष, बाकीच्यांची नुसती नोंद. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या, म्हणजे बरोबर 52 आठवडे. बागेतले तण काढणारा माणूस एका वेळी एकच वाफा घेतो, तसे हे काम आहे, असे त्याने म्हटले आहे.

आणि निकाल? 1784 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पॅरिसजवळच्या पासी इथे आत्मचरित्र लिहिताना त्याने तो लपवला नाही. ठिपके त्याला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. व्यवस्थितपणा तर जन्मभर जमला नाही. वर्षाला चार फेऱ्यांची पुढे एक झाली, मग काही वर्षांतून एक, शेवटी प्रवास आणि कामांच्या रगाड्यात तीही थांबली. वही मात्र तो कायम बरोबर बाळगत असे. पूर्णत्व मिळाले नाही, पण प्रयत्न केला नसता तर झालो असतो त्यापेक्षा चांगला आणि सुखी माणूस झालो, असा त्याचा ताळेबंद आहे.

या वहीची एक उणीवही सांगायला हवी. फ्रँकलिनच्या यादीत 'न्याय' होता. तरीही आयुष्याचा मोठा काळ त्याच्या घरात गुलाम होते. अखेरच्या वर्षांत तो बदलला. 1787 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि 1790 मध्ये, मृत्यूच्या दोनच महिने आधी, त्या संस्थेचा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. पण त्याआधीची कित्येक वर्षे न्यायाच्या ओळीत त्या माणसांसाठी ठिपका पडला नव्हता. ज्याची ओळच आपण आखली नाही, त्याचा हिशोब वहीत येत नाही.

मग ओळी आखायच्या कशा? गझालींनी याचे उत्तर आधीच दिले होते. आपले दोष कळण्याचे चार मार्ग ते सांगतात. जाणता गुरू, खरे बोलणारा मित्र, शत्रूची जीभ आणि लोकांत मिसळून दुसऱ्यात दिसलेला दोष स्वतःत शोधणे. फ्रँकलिनच्या यादीत आधी बाराच गुण होते. तुझ्यात गर्व आहे असे लोक मानतात, हे एका क्वेकर मित्राने त्याला उदाहरणे देऊन पटवले आणि तेव्हा तेरावी ओळ, नम्रतेची, वहीत आली. म्हणून यादी करताना घरच्यांना विचारावे. बायकोला, आईला, मोठ्या होत असलेल्या लेकीला. आपण रागीट आहोत की नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू माध्यमातली मुले दहावीच्या वर्षी म्हणतात, "सर, इस साल मराठी सुधारनी है." हे ध्येय चांगले आहे, पण रात्री त्याचा हिशोब घेता येत नाही. आज मराठी सुधारली का, याला हो किंवा नाही असे उत्तर नसते. "रोज पाच वाक्ये शुद्ध लिहीन" याला असते. शाळेची सुट्टी धरून वर्षात अडीचशे दिवस जरी साधले तरी साडेबाराशे वाक्ये होतात. पुढे ज्या मुलाला तलाठी कार्यालयात अर्ज लिहायचा आहे, मुलाखतीत मराठीत बोलायचे आहे, त्याच्यासाठी ही साडेबाराशे वाक्ये फार मोलाची आहेत. हेच घरातही लागू आहे. "कुरआन समजून घ्यायचा" याऐवजी रोज तीन आयती अर्थासह. "राग सोडायचा" याऐवजी या आठवड्यात जेवताना मुलांवर आवाज चढवायचा नाही.

आणि एखाद्या दिवशी चुकलेच, तर त्या घरात ठिपका द्यावा, वाटल्यास अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्यासारखे मोजून दुसऱ्या दिवशी भरून काढावे. दुकानदार तोट्याच्या दिवशीही रोजमेळ लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो.