हृदयाचा एमआरआय : पाच तासांपासून एका श्वासापर्यंत

डॉक्टरांनी 'हार्टचा एमआरआय करून घ्या' म्हटलं की आपल्या मालेगावात घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, अकोला की नागपूर? दुसरा, खर्च किती? पेशंटच्या मनात तिसराच : त्या बोगद्यात किती वेळ पडून राहायचं? या 'किती वेळ'चाही एक इतिहास आहे.

3 जुलै 1977. अमेरिकेत डॉ. रेमंड दमाडियन यांनी जिवंत माणसाच्या छातीचं पहिलं एमआरआय चित्र काढलं. त्या एका धूसर चित्राला जवळपास पाच तास लागले! त्याच वर्षी ब्रिटनच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी झटपट चित्र घेण्याची पद्धत मांडली. 2003 चं नोबेल त्यांना आणि पॉल लॉटरबर यांना मिळालं. दमाडियन राहून गेले.

हृदयाचं दुखणं वेगळं. गुडघा 'हलवू नका' म्हटलं की थांबतो, हृदय कसं थांबणार? म्हणून ईसीजीच्या तारा लावून दर ठोक्याला थोडी थोडी माहिती घ्यायची, अन् अनेक ठोके जोडून एक चित्र करायचं. श्वासानं छाती हलते, म्हणून 'श्वास रोखा, सोडा' पुन्हापुन्हा. ज्याला आधीच धाप लागते, त्याच्याकडून हे कसं व्हावं?

1997 ते 1999 दरम्यान अनेक कॉइलनी एकाच वेळी माहिती टिपण्याच्या पद्धती आल्या. 2007 च्या सुमारास मोजमाप कमी घेऊन उरलेलं गणितानं भरून काढायची युक्ती आली. आता एआय जोडीला आहे. आज काही चित्रं श्वास न रोखताही निघतात. थॅलेसेमियाच्या लेकरांच्या हृदयात साठलेलं लोह तर एका श्वासात मोजता येतं.

आपल्या राज्याचाही यात वाटा आहे. पवईच्या 'समीर' या केंद्र सरकारी संस्थेच्या पुढाकारानं 1.5 टेस्लाचं देशी यंत्र तयार झालं. चाचणीसाठी मार्च 2025 मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला.

यंत्रानं तास वाचवले, पण पातूरमार्गे अकोल्याचा रस्ता आपल्यासाठी तेवढाच लांब राहिला. वाशीम जिल्हा होऊन 1998 पासून किती वर्षं झाली, मोजा. आमदार-खासदारांना नुसतं 'एमआरआय कधी?' विचारू नका. हृदय तपासायचं सॉफ्टवेअर, ते चालवणारा तंत्रज्ञ अन् रिपोर्ट वाचणारा डॉक्टर, हे तिन्ही मिळणार का, ते विचारा. नाहीतर यंत्र येईल, अन् हार्टचा पेशंट तरीही नागपूरच्याच गाडीत बसेल.