कीदोन : भाला, ढाल की खड्ग?

‘कीदोन’ हा हिब्रू भाषेतील एक शस्त्रवाचक शब्द. हिब्रू जुन्या करारात तो अवघा नऊ वेळा येतो : यहोशवाच्या आठव्या अध्यायात तीनदा, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात दोनदा, ईयोबाच्या पुस्तकात दोनदा आणि यिर्मयाच्या पुस्तकात दोनदा. ‘फेकून मारण्याचा भाला’ हा त्याचा अर्थ शब्दकोशांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. परंतु गेल्या सुमारे बावीसशे वर्षांत भाषांतरकारांनी याच शब्दासाठी ढाल, भाला, खंजीर आणि तलवार असे चारही प्रतिशब्द वापरले आहेत. विसाव्या शतकात एका गुंफेतून निघालेल्या गुंडाळीने हा प्रश्न नव्याने उभा केला.

धर्मग्रामस्थांच्या कानांवरून हा शब्द गेलेला असतो. सम वर्षी सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्यातील बुधवारी मिस्सेच्या पहिल्या वाचनात दावीद आणि गल्याथ यांचा प्रसंग येतो. तू माझ्यावर तीन शस्त्रे घेऊन येत आहेस, मी सेनाधीश परमेश्वराच्या नावाने येत आहे, असे दावीद त्या पलिष्टी वीराला सुनावतो (१ शमुवेल १७:४५). त्या तिन्हींतील शेवटचे शस्त्र म्हणजे कीदोन. गल्याथाच्या शस्त्रसाजाचे तपशीलवार वर्णन मात्र (१७:५-७) त्या दिवशीच्या वाचनात येत नाही. त्यामुळे ते शस्त्र त्याने कोठे आणि कसे बाळगले होते, हे बायबल उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हिब्रूत भाल्यासाठी अन्य शब्द आहेत. ‘रोमाख’ हा लांब दांड्याचा, हातात धरून भोसकण्याचा भाला. ‘हनीथ’ हा राजाच्या हातातला भाला. वीणा वाजवणाऱ्या दावीदावर शौल राजा जो भाला फेकतो तो हनीथ. पुढे निद्रिस्त शौलाच्या उशाशी रोवलेला जो भाला दावीद उचलून नेतो तोही हनीथच. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांचे कोयते होतात ते हनीथ आहेत. योएल संदेष्टा हीच प्रतिमा उलटी करून कोयत्यांचे भाले करायला सांगतो, तेथे मात्र रोमाख हा शब्द आहे. थोडक्यात, फेकण्याच्या भाल्यासाठी हनीथ हा शब्द असताना कीदोन हे वेगळे नाव का, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

मराठी वाचकाला हे भेद परके वाटू नयेत. आपल्याकडेही भाला, बरची, शूल, तोमर आणि विटा ही नावे एकाच वस्तूची नाहीत. मराठ्यांच्या सैन्यातील विट्याला दोरी बांधलेली असे. तो फेकून दोरीने परत ओढून घेता येई. ज्याने विटा कधी पाहिला नाही, अशा परभाषेतील भाषांतरकाराने त्यासाठी नुसते ‘भाला’ लिहिले तर अर्थ कळेल, पण दोरी हरवेल. कीदोनच्या बाबतीत तर वस्तूच हरवली आणि मागे फक्त नाव उरले.

भाषांतरकारांची चाचपड

ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी केलेल्या सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात ही चाचपड स्पष्ट दिसते. गल्याथाच्या कीदोनसाठी तेथे ‘आस्पीस’, म्हणजे ढाल, हा शब्द आहे. यहोशवाच्या हातातील कीदोनसाठी ‘गाइसोस’ आहे. तो मुळात गॉल लोकांच्या फेकण्याच्या भाल्याचे नाव. यिर्मयाच्या ग्रंथात तर एकाच वाक्यप्रयोगातील कीदोन एका ठिकाणी भाला होतो (६:२३) आणि दुसऱ्या ठिकाणी खंजीर (हिब्रूप्रमाणे ५०:४२). एकाच ग्रंथाचे हे दोन भाग वेगवेगळ्या हातांनी भाषांतरित वा संस्कारित झाले असावेत, या तर्काला अशाच फरकांचा आधार दिला जातो.

संत जेरोम यांनी बेथलेहेम येथे राहून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले. त्यांनी जवळजवळ सर्वत्र ढाल पत्करली. यहोशवा आय नगराकडे ढाल उंचावतो आणि गल्याथाच्या खांद्यांना पितळी ढाल झाकते. फक्त ईयोबाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात, जेथे लिव्याथान कीदोनच्या सळसळीला हसतो, तेथे जेरोम भाला लिहितात. ढाल सळसळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे. लॅटिन बायबलवर वाढलेल्या पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने पुढे कित्येक शतके यहोशवाच्या हाती ढालच पाहिली. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलात तर ढाल आणि भाला दोन्ही आहेत.

ढालीचा अर्थ आज टिकत नाही, आणि त्याचे कारण त्याच अध्यायात आहे. गल्याथाची मोठी ढाल घेऊन एक सेवक त्याच्या पुढे चालत होता असे सातव्या ओवीत सांगितले आहे, आणि तेथे ढालीसाठी वेगळा हिब्रू शब्द आहे. शिवाय दावीद शत्रूच्या मारक शस्त्रांची नावे घेत असताना मध्येच ढाल कशाला मोजील?

मृत समुद्राकाठची गुंडाळी

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथील पहिल्या गुंफेत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत ‘युद्धाची गुंडाळी’ या नावाने ओळखली जाणारी एक होती. प्रकाशपुत्र आणि अंधकारपुत्र यांच्या अंतिम युद्धाचे ते वर्णन. वर्णन आध्यात्मिक आहे, पण शस्त्रांची मापे अशी दिली आहेत की जणू लोहाराला बरहुकूम काम सांगावे. तीत रोमाख सात हात लांबीचा आहे. फेकण्याच्या शस्त्राला ‘फेकणे’ या धातूवरून आलेले निराळेच नाव आहे. आणि कीदोन? लांबी दीड हात, रुंदी चार बोटे, शुद्ध लोखंडाचे आरशासारखे लखलखीत पाते आणि शिंगाची मूठ. आजच्या मापात लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आत येते. चार बोटे रुंदीच्या पात्याचा आणि मुठीचा भाला असत नाही. ही तलवार आहे.

या गुंडाळीचे सविस्तर भाष्य यिगाएल यादीन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. ते पुरातत्त्वज्ञ होण्यापूर्वी इस्राएलच्या सैन्याचे प्रमुख होते. शस्त्रांकडे पाहण्याची त्यांची नजर ग्रंथालयात घडलेली नव्हती. कीदोन म्हणजे तलवार हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी गेओर्ग मोलिन यांनी ‘कीदोन म्हणजे काय?’ अशा शीर्षकाचा लेख लिहून ती विळ्यासारखी वक्र तलवार असावी असे मांडले.

येथे थोडे थांबायला हवे. ही गुंडाळी येशूच्या जन्माच्या आसपासच्या काळातली आहे. यहोशवा आणि शमुवेलाच्या कथा तिच्यापेक्षा कित्येक शतके जुन्या आहेत. शब्दांचे अर्थ शतकांच्या प्रवासात बदलतात. म्हणून केवळ गुंडाळीच्या जोरावर जुन्या करारातील प्रत्येक कीदोन तलवार ठरवणे घाईचे होईल. प्रत्येक ओवीला स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

गल्याथाच्या पाठीवर

शमुवेलाच्या कथेत कीदोन पितळेचा आहे आणि गल्याथाच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये अडकवलेला आहे. पट्ट्याने खांद्यावरून तलवार लटकवण्याची रीत होमरच्या वीरांमध्येही आढळते, आणि पलिष्टी लोक तर समुद्रापलीकडून, एजियन प्रदेशाच्या बाजूने आलेले. या बाजूने विचार केला तर तलवार सहज बसते. आक्षेप एकच : गल्याथाकडे ‘हेरेव’, म्हणजे नेहमीची तलवारही आहे. दावीद ती म्यानातून उपसून त्याचे मस्तक छेदतो. मग दोन तलवारी कशाला? पण दावीदाच्या वाक्यात हेरेव, हनीथ आणि कीदोन अशी तीन वेगळी शस्त्रे मोजलेली असल्यामुळे कीदोन ही निराळ्या घडणीची, वक्र पात्याची तलवार मानली की अडचण उरत नाही.

गल्याथाचा फेकण्याचा भाला म्हणजे त्याचा हनीथ. त्याचे लोखंडी पाते सहाशे शेकेलचे, म्हणजे सुमारे सात किलोंचे, आणि दांडा कोष्ट्याच्या मागावरील काठीसारखा होता. ही उपमा जाडीची आहे असे आपण सहसा समजतो. यादीन यांनी १९५५ मध्येच तिचा वेगळा अर्थ सुचवला : मागावरील त्या काठीला दोऱ्याचे फासे असतात, आणि गल्याथाच्या भाल्यालाही फेकीला जोर व फिरकी देणारी फाशाची दोरी होती. एजियन प्रदेशातील वीर असे भाले वापरत. इस्राएली लेखकाच्या भाषेत त्या दोरीला नाव नव्हते, म्हणून त्याने मागाकडे बोट दाखवले. आपल्या विट्याची दोरी भाला परत आणण्यासाठी, ही दूर धाडण्यासाठी.

यहोशवाचा उंचावलेला हात

माझ्या मते शब्दाचा खरा कस यहोशवाच्या आठव्या अध्यायात लागतो. आय नगराच्या पश्चिमेला सैन्याची एक तुकडी दबा धरून बसली आहे. परमेश्वर यहोशवाला हातातील कीदोन नगराकडे रोखून धरायला सांगतो. तो हात पुढे करताच तुकडी उठते आणि नगरात शिरते. येथवर तो इशारा आहे, आणि लखलखते पाते उन्हात चमकवणे हा इशारा म्हणून समजण्याजोगा आहे. पण सव्विसाव्या ओवीत कळते की आयचा पूर्ण संहार होईपर्यंत यहोशवाने तो हात मागे घेतला नाही. इशारा देऊन झाल्यावरही हात का उंचावलेला राहतो?

याचे उत्तर निर्गमच्या सतराव्या अध्यायात आहे. रफीदीम येथे अमालेकांशी लढाई चालू असताना मोशे देवाची काठी घेऊन टेकडीवर उभा होता, आणि त्याचे थकलेले हात अहरोन व हूर यांनी सावरून धरले होते. त्या वेळी खाली मैदानात लढणारा सेनापती यहोशवाच होता. आता मोशेच्या जागी तो स्वतः उभा आहे. त्याच्या हातातील कीदोन कोणावर फेकला जात नाही आणि कोणाला मारतही नाही. विजय कोणाचा हे दाखवणारी ती खूण आहे. ओथमार केल यांनी १९७४ मध्ये या प्रसंगाची सांगड ईजिप्तमधील शिल्पांशी घातली. मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतींवर आमोन देव फारोला वक्र तलवार देताना कोरलेला आहे. आपल्या विळ्याची धार आतल्या बाजूला असते, त्या तलवारीची बाहेरच्या.

खूण म्हटल्याने आयच्या कथेची धार बोथट होत नाही. बारा हजार स्त्री-पुरुष त्या दिवशी पडले असे मजकूर सांगतो, आणि मिस्सेच्या वाचनमालेत हा अध्याय येत नसला तरी बायबल सलग वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही.

बेन सिरा, ज्याचे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, त्याने पूर्वजांच्या स्तुतीत यहोशवाचा हाच क्षण निवडला (४६:२). कैरो येथील सिनेगॉगमधून मिळालेल्या हिब्रू हस्तलिखितात तेथे ‘कीदोन’ आहे. बेन सिराच्या नातवाने इ.स.पूर्व १३२ नंतर ईजिप्तमध्ये आजोबांचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणला तेव्हा त्याने ‘रोम्फाया’, म्हणजे मोठी तलवार, असा शब्द योजला. घरातल्याच माणसाची ही साक्ष मला गुंडाळीइतकीच मोलाची वाटते. ईयोब आणि यिर्मया यांच्या काव्यमय ओळींत मात्र धनुष्य आणि हनीथ यांच्या सोबतीला आलेला कीदोन भाला म्हणून वाचण्यास फारशी हरकत नाही.

आजची कॅथलिक भाषांतरेही एका निर्णयावर आलेली नाहीत. अमेरिकेतील धर्मप्रांतांत वापरले जाणारे न्यू अमेरिकन बायबल गल्याथाला वक्र तलवार देते आणि यहोशवाच्या हाती फेकण्याचा भाला ठेवते. मूळ शब्द एकच आहे, हे इंग्रजी वाचकाला त्यावरून कळण्याची सोय नाही.

पहिल्या इतिहासात (१३:९) हा शब्द विशेषनाम म्हणून भेटतो. कराराचा कोश नेत असताना जेथे बैल अडखळले आणि उज्जा मरण पावला, ते ‘कीदोनचे खळे’; शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याच खळ्याचे नाव नाखोन आहे. आधुनिक हिब्रूत कीदोन म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावण्याची संगीन, आणि सायकलचे हँडलसुद्धा. मैदानी खेळांतील भालाफेकीला, ज्यात नीरज चोप्रा याने २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले, हिब्रू भाषक आजही ‘कीदोन फेकणे’ असेच म्हणतात.